टपालाबाहेरचीं पत्रें

हैदराबाद संस्थानाच्या तिकिटांचे संग्राहक १९४८ मधील हातोहात आलेलीं पत्रें ‘तिकीट नाहीं’ म्हणून टाकून देतात, हें आम्हांस मान्य नाहीं. निजामाचें तिकीट संस्थानाबाहेर चालत नसे. आणि नांदेडाहून सीमेपलीकडील उमरखेडच्या छावणीस धाडावयाचें गुप्त पत्र टपालांत टाकणें म्हणजे तें रझाकारांच्या हातीं देण्यासारखेंच होतें. उलट लातूरच्या शिक्क्याचें पाकीट केवळ सप्टेंबर १९४८ पूर्वीचें म्हणून चढ्या किमतीस घेतात. त्या शिक्क्यानें सीमोल्लंघन कसें सिद्ध व्हावें? घड्या, मजकूर आणि पत्र ज्या दप्तरांत सांपडलें तें दप्तर पाहावें. (तिकिटाच्या लोभानें आम्हींही एकदां पाकीट भिजवून शिक्का घालविला आहे.) ‘हस्ते’ म्हणून वाहकाचें संपूर्ण नांव दिलेलें असें पत्र मात्र आम्ही घेणार नाहीं, पकडला जावयाचा मनुष्य कोण, हें त्या काळीं कोण लिहून ठेवील?