'उपरा'ची भाषा आणि मराठी समीक्षा : पेरूच्या साहित्यव्यवहारासंदर्भात एक तौलनिक विचार

प्रास्ताविक

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली ग्रंथालीने प्रकाशित केले. १९८१ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. सातारा जिल्ह्यातील फलटण परिसरात वाढलेल्या, गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील एका मुलाची ही कहाणी मराठी वाचकाला अपरिचित होती. तिच्यातील दारिद्र्य, जातपंचायतीची दहशत, वडिलांचा मुलाला शिकविण्याचा हट्ट आणि आंतरजातीय विवाहानंतरचा बहिष्कार यांवर विपुल चर्चा झाली. 'उपरा'च्या भाषेविषयी मात्र बहुतेक वेळा एक-दोन ठरावीक वाक्यांवर भागविण्यात आले. 'लेखकाने बोलीचा समर्थ वापर केला आहे', हे त्यांपैकी सर्वांत रूढ वाक्य होय.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप या वाक्यातील 'बोली' या शब्दावर आहे. हा शब्द येथे दोन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो आणि त्यामुळे 'उपरा' हे मूलतः दोन भाषांमधले पुस्तक आहे, ही गोष्ट झाकली जाते, असे येथे मांडावयाचे आहे. या मांडणीसाठी दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचा दाखला घेतला आहे. कारण स्पॅनिश आणि केचुआ यांच्या संबंधातून तेथे जे साहित्य निर्माण झाले, त्याच्या समीक्षेने हा प्रश्न केंद्रस्थानी आणला.

दोन प्रकारच्या 'बोली'

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. हा प्रदेश मराठी साहित्यातील बोलीलेखनाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर हे दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) धनगरांची माणदेशी बोली प्रमाण मराठीहून कितीही निराळी वाटली, तरी ती मराठीच आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला चार शब्द अडतात. वाक्य अडत नाही.

कैकाडी भाषेची गोष्ट वेगळी आहे. ती द्राविडी कुळातील आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिचा विचार तमिळच्या अनुषंगाने केला आणि जनगणनेतही कैकाडी मातृभाषा सांगणाऱ्यांची गणना तमिळ या शीर्षाखाली होत आली आहे. म्हणजे शासनाच्या कागदावर फलटणच्या पालावरील कैकाडी आजी तमिळभाषक ठरते आणि साहित्याच्या वर्गात तिचा नातू मराठीच्या 'बोली'त लिहिणारा ठरतो. दोन्ही ठिकाणी तिच्या भाषेचे स्वतःचे नाव नाहीसे होते.

हे केवळ कैकाड्यांपुरते मर्यादित नाही. त्याच जनगणनेत वडारी तेलुगूखाली, लमाणी हिंदीखाली आणि पारधी भिलीखाली मोजली जाते. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषांची स्वतंत्र नोंद १९७१ पासून प्रसिद्ध केली जात नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या १९,५६९ मातृभाषा-नोंदींमधून छाननीअंती १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि अखेर १२१ भाषा उरल्या. वर्गीकरणासाठी एकत्रीकरण अपरिहार्य असते, हे मान्य केले, तरी या प्रवासात काय गळाले याची विचारपूस भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी करावयास हवी. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (संपादक : अरुण जाखडे, २०१३) या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पेरूचा दाखला

पेरूमध्ये शासनव्यवहाराची, शाळेची आणि ग्रंथांची भाषा स्पॅनिश राहिली. तुपाक अमारू दुसरा याच्या नेतृत्वाखालील १७८० च्या उठावानंतर स्पॅनिश राजसत्तेने १७८१ च्या निकालपत्रात केवळ बंडखोरांना देहदंड दिला नाही, तर स्थानिक पेहराव, स्मृती आणि केचुआ भाषा यांच्याही उच्चाटनाचा आग्रह धरला. पुढे १९७५ साली केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. आज पेरूचे शासन ४८ स्थानिक भाषांना मान्यता देते. त्यांपैकी चार अँडीज पर्वतप्रदेशातील व ४४ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील आहेत. २०१७ च्या जनगणनेत केचुआ मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ३७ लाखांहून अधिक होती.

या भूमीतील खोसे मारिया अर्गेदास (१९११–१९६९) हे कादंबरीकार आपल्या विषयाशी निकटचे आहेत. बालपणीच आई वारल्यावर सावत्र आईने त्यांना नोकरांच्या संगतीत ढकलले. त्या स्वयंपाकघरात त्यांना केचुआ भाषा आणि माया दोन्ही लाभली. पुढे लेखनास प्रारंभ केला, तेव्हा शुद्ध साहित्यिक स्पॅनिशमध्ये लिहिलेली कथा त्यांना स्वतःलाच खोटी वाटली. केचुआत लिहावे, तर वाचणार कोण, हा प्रश्न होता. अखेर त्यांनी स्पॅनिशची वाक्यरचनाच केचुआच्या वळणाने वाकविली. 'आगुआ' (१९३५) या कथासंग्रहापासून 'लोस रिओस प्रोफुंदोस' म्हणजे 'खोल नद्या' (१९५८) या कादंबरीपर्यंत हा झगडा चालू होता आणि १९५० सालच्या एका निबंधात त्यांनी तो स्वतः सविस्तर सांगितला आहे.

तेथील समीक्षाही प्रारंभी या प्रश्नाकडे वळली नव्हती. १९६५ साली लिमा येथे 'तोदास लास सांग्रेस' या त्यांच्या कादंबरीवर चर्चासत्र झाले. त्यात समाजशास्त्रज्ञांनी ही कादंबरी पेरूच्या समाजवास्तवाचे यथार्थ चित्रण करते की नाही, एवढ्याच निकषावर तिला धारेवर धरले. लेखकाला तो घाव जिव्हारी लागला. पुढे मात्र आंतोनियो कोर्नेखो पोलार यांनी अशा लेखनास 'विषमघटकी साहित्य' मानण्याची भूमिका मांडली. ज्या साहित्यात सांगितले जाणारे जग एका संस्कृतीचे आणि सांगण्याची भाषा, ग्रंथरूप व वाचक दुसऱ्या संस्कृतीचे असतात, त्या साहित्यातील ही फट हा दोष नसून तेच त्याचे अर्थकेंद्र असते, असा या भूमिकेचा आशय आहे.

'उपरा'चे वाचन याच वळणावर अडलेले दिसते. आपण त्याला सामाजिक दस्तऐवज म्हणून गौरविले, परंतु लिमातील चर्चासत्राप्रमाणेच केवळ माहितीसाठी वाचले. त्यातील कैकाडी शब्दांचा अर्थ समजला की काम भागले, अशी वाचकाची समजूत राहिली.

'आपण' आणि 'आम्ही'

भाषेच्या अंगाने वाचल्यास काय हाती येते, याचे एकच उदाहरण घेऊ. केचुआत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : एक श्रोत्याला सामावून घेणारे, दुसरे त्याला वगळणारे. स्पॅनिशमध्ये हा भेद नाही. अर्गेदास यांनी १९६२ साली तुपाक अमारूला उद्देशून केचुआत दीर्घ कविता लिहिली. तिच्या शीर्षकातील 'तायतांचिस' या शब्दाचा अर्थ 'आपला पिता' असा आहे. 'आमचा' असा नव्हे. स्पॅनिश भाषांतरात हा 'आपलेपणा' सर्वनामातून व्यक्त होऊ शकत नाही.

मराठीची स्थिती याहून वेगळी आहे. तमिळसारख्या द्राविडी भाषांत असलेला हा भेद मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' या रूपांत आहे. द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासाची ती खूण मानली जाते. म्हणजे कैकाडी घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलाला या बाबतीत व्याकरणाची अडचण नव्हती. अडचण होती ती समाजाची. वर्गात, पाणवठ्यावर, गावकुसाच्या आत उच्चारल्या जाणाऱ्या 'आपण'मध्ये तो नव्हता. म्हणून या आत्मकथनातील 'आम्ही' हे साधे सर्वनाम राहत नाही. वाचकाला बाहेर ठेवूनच ते उच्चारले जाते आणि ही दूरता वाचकानेच निर्माण केलेली आहे, याची जाणीव ते देते. पुस्तकाचे शीर्षकही याच दृष्टीने पाहावे. 'उपरा' हा शब्द मराठी आहे. बाहेरच्यांनी दिलेले नाव बाहेरच्यांच्याच भाषेत स्वीकारून लेखक त्याच भाषेला साक्षीस उभे करतो.

तुलनेच्या मर्यादा

ही तुलना ताणता कामा नये. केचुआ ही इंका साम्राज्याची भाषा होती; तिला प्रदेश आहे, संख्या आहे. कैकाडीला स्वतःचा तालुकादेखील नाही. मराठी ही स्पॅनिशप्रमाणे समुद्रापलीकडून आलेल्या जेत्यांची भाषा नव्हे. कैकाडी समाजच दक्षिणेकडून येथे आला, असे त्याच्या भाषेवरून दिसते. १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा इंग्रजांनी केला आणि तो १९५२ साली रद्द झाला, तरी कलंक पुसला गेला नाही. या दोषात मात्र मराठी समाजाचाही वाटा आहे.

दोन लेखकांच्या वाटाही उलट दिशांच्या आहेत. अर्गेदास वरच्या भाषेच्या घरात जन्मून खालच्या मानलेल्या भाषेत वाढले. माने खालच्या मानलेल्या भाषेत जन्मून शाळेच्या दाराने मराठीत आले. हे दार उघडणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्या जिल्ह्यात १९१९ साली काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेथे शिक्षणाच्या मराठीकरणानेच वंचितांना बोलते केले. म्हणून मराठीला केवळ दडपणारी भाषा ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. 'उपरा' मराठीत आहे म्हणूनच तो मराठी समाजाला जाब विचारू शकतो. मात्र हा लाभ मान्य करताना त्याची किंमत कोणत्या भाषेने मोजली, हे विसरता येत नाही.

समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीही या निर्णयाचा आनंद मानला. त्याच महाविद्यालयांतून वडारी, कैकाडी, लमाणी, पारधी घरांतील विद्यार्थी शिकतात. जत तालुक्यातील कन्नडभाषक गावांमधून येणारेही असतात. निदान कन्नडला लिपी, शाळा आणि शेजारचे राज्य आहे. इतरांना प्रवेश-अर्जातील 'मातृभाषा' या रकान्यापुढे 'मराठी' लिहिणे सोयीचे वाटते. त्यांना कोणी विचारीतही नाही.

२०१९ साली लिमा येथील १५५१ मध्ये स्थापन झालेल्या सान मार्कोस विद्यापीठात पहिल्यांदा केचुआ भाषेत लिहिलेला आणि केचुआतच मांडलेला पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारला गेला. आपल्याकडे कैकाडीत प्रबंध लिहिला जावा, अशी अपेक्षा आज कोणी करणार नाही. परंतु 'उपरा' शिकविताना ती भाषा जाणणारा एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्यातील कैकाडी शब्दांचा उच्चार आणि अर्थ त्याने सांगावा व अध्यापकाने ऐकावा, एवढे सहज शक्य आहे. अर्थात त्याची इच्छा असेल तरच. कारण भाषा लपविणे हे त्याच्या घराने शतकभर संरक्षणाचे साधन म्हणून वापरले आहे. तो बोलला नाही, तर ते मौनही 'उपरा'च्या भाषेचाच भाग आहे, हे समजून पुढचे पान उलटावे लागेल.