कौतुक आणि टीका : अस्ताद देबू यांच्या नृत्याच्या निमित्ताने

नृत्यकलेविषयी आपल्या सुशिक्षित समाजाचे धोरण मोठे चमत्कारिक आहे. मुलीला नृत्याच्या शिकवणीस घालावयाचे, तिला परीक्षांस बसवावयाचे, संमेलनात तिचे पाऊल उठले की टाळ्या वाजवावयाच्या. परंतु त्या नृत्यात काय साधले व काय फसले, हे मात्र कोणी विचारावयाचे नाही! आमच्या नाशकातील कालिदास कलामंदिरातही असे सोहळे होतात व सभागृह कौतुकाने भरून जाते. कौतुक ही वाईट वस्तू आहे असे आमचे म्हणणे नाही. पण कौतुक म्हणजे टीका नव्हे. हा भेद कळण्यास अस्ताद देबू यांच्या कार्यासारखे दुसरे उदाहरण आम्हांस दिसत नाही.

देबू यांचा जन्म १९४७ साली नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. बालपणी प्रल्हाद दास यांजकडे कथक, पुढे ई. के. पणिक्कर यांजकडे कथकळी, लंडनला मार्था ग्रॅहम यांची पद्धती व न्यूयॉर्कला होजे लिमोन यांची, असे चार ठिकाणचे शिक्षण त्यांनी घेतले. इतक्या ठिकाणचे पाणी एका भांड्यात ओतले म्हणजे बहुधा खिचडीच व्हावयाची. देबूंच्या हाती तसे झाले नाही, कारण त्यांनी संथपणा हेच आपल्या कलेचे सूत्र केले. कथकची गिरकी त्यांनी घेतली, पण तिचा वेग काढून टाकला. जलद गिरकीत नर्तकाचा तोल वेगच सांभाळीत असतो. संथ गिरकीत तो नर्तकालाच क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. त्यांच्या प्रयोगांची चलत्‌चित्रे उपलब्ध आहेत. रसिकांनी ती पाहून आमच्या विधानाची प्रचीती अवश्य घ्यावी.

हेच सूत्र घेऊन ते शिकविण्यास गेले, आणि गेले कोठे? कोलकात्याच्या 'ॲक्शन प्लेयर्स' या कर्णबधिर नटांच्या मंडळीत, चेन्नईच्या क्लार्क शाळेतील कर्णबधिर मुलींत, दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधील, रस्त्यावर वाढलेल्या मुलांत. ज्याला ताल ऐकू येत नाही त्याने नाचावे कसे? मनात अंक मोजून, सोबत्याच्या हालचालीवर नजर ठेवून व पायाखालच्या जमिनीचे कंप ओळखून. यास केवढी एकाग्रता लागते, याचा विचार वाचकांनीच करावा.

येथेच टीकाकाराची खरी परीक्षा आहे. असा प्रयोग पाहून "बिचारी बहिरी असूनही किती छान नाचली!" असे उद्गार सहज निघतात. आमच्या मते हे उद्गार त्या मुलींचा अपमान करणारे आहेत. ज्याने त्यांच्याकडून महिनोन्‌महिने मेहनत करवून घेतली, त्याने त्यांना दयेस पात्र मानले नव्हते, नर्तकी मानले होते. मग प्रेक्षकाने त्यांस त्याहून कमी का मानावे? रंगभूमीवर जो आला त्याला दोष दाखवून घेण्याचाही अधिकार आहे.

तोच न्याय खुद्द देबूंना लावावयास हवा. मणिपुरी पुंग चोलोमच्या वादकांबरोबरच्या रचनेत ते स्वतः समूहात उतरत, तेव्हा प्रेक्षकाची दृष्टी त्यांच्याकडेच खेचली जाते व समूहाला पार्श्वभूमीचे रूप येते. शिवाय त्यांचा संथपणा कधी कधी इतका लांबतो की ध्यान आणि कंटाळा यांतील रेषा पुसट होते. हे दोष आम्ही सांगतो ते त्यांचा मोठेपणा मान्य करूनच. १९९५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २००७ साली पद्मश्री मिळाली; १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यापासून आमच्या गावाने काय घ्यावे? आपल्या शिकवण्यांची दारे, जी मुले आजवर प्रेक्षकांतही बसली नाहीत, त्यांस उघडावी, हे तर खरेच. पण त्याबरोबर, मुलगी रंगमंचावरून उतरली म्हणजे पालकांनी तिला "छान झाले" एवढेच म्हणून थांबू नये. तिसऱ्या आवर्तनात तोल का गेला, हेही विचारावे. मुलीला नर्तकी मानल्यावाचून हा प्रश्न विचारता येत नाही, आणि तो विचारला गेल्यावाचून ती नर्तकी होत नाही.