अंगावरची झूल

पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल चढते. शिंगं रंगतात, गळ्यात घुंगरं येतात. जुवाने घासलेला खांदा तेवढा झाकला जातो. भालचंद्र नेमाडे यांनी प्राध्यापक चांगदेव पाटलाच्या एका कादंबरीला 'झूल' (१९७९) हे नाव दिलं, तेव्हा मला त्यात अख्ख्या अध्यापकवर्गाचं शरीर दिसलं. वर मानमरातब, खाली घट्टा.

मराठीतल्या कॉलेजजीवनावरच्या उपहासात शरीर प्रथम येतं ते पोट म्हणून. 'कोसला'तला (१९६३) खानदेशातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर होस्टेलच्या मेसच्या कारभारात अडकतो, तेव्हा विद्येपेक्षा जेवणाचे हिशेबच त्याला भारी पडतात. सगळ्यावर तिरकस बोलणारा हा मुलगा धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने गेल्यावर मात्र उघडा पडतो. तिच्या अंगावरचे फोड त्याला विनोदात गुंडाळता येत नाहीत. उपहासाची खोली तो कुठे थांबतो यावरून कळते.

पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तले (१९६२) चितळे मास्तर शाळेतले, पण याच घराण्यातले. त्यांची आयुष्यभराची पायपीट पुलंनी चपलांच्या झिजलेल्या टाचांतून दाखवली. इंग्रजीत किंग्जली एमिसच्या 'लकी जिम'मधला (१९५४) जिम डिक्सन साहेबांच्या पाठीमागे तोंडं वेडीवाकडी करतो. नोकरी कच्ची, त्यामुळे जीभ बांधलेली. मोकळा उरतो तो चेहरा.

हा जिम नवी मुंबईत मला रोज भेटतो. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक सकाळी नेरुळला शिकवतो, दुपारी खारघरला. मधे हार्बरच्या डब्यात उभ्यानेच वडापाव. सिडकोने १९७० नंतर खाडीकाठी आखलेल्या या शहरात कॉलेजांना काचेच्या इमारती मिळाल्या. त्यांत वावरणाऱ्या अंगांची कादंबरी मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. आमचा विनोद अजून धोतर, जाड भिंगं आणि डुलक्या यांवरच भागवतो. मुलींचं शरीर तर बहुधा कट्ट्यावर बसलेल्या मुलांच्या नजरेतूनच येतं. पाळीच्या दिवसांत चार तास उभ्याने पर्यवेक्षण करणाऱ्या बाईंच्या कंबरेतून परीक्षा हॉल कसा दिसतो, हे कोणी लिहावं?

विषय हाताशी आहे. वर्षानुवर्षं खडू धरून बोटं गुळगुळीत झालेले सर हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवतात. यंत्र ओळख देत नाही. ते अंगठा पँटला पुसतात, फुंकर मारतात, पुन्हा टेकवतात. मागे रांग वाढते. गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांचा हसरा फोटो आहे. पण यंत्राला अंगठाच हवा.