पाहुणा विनोदकार : भंडारा जिल्ह्यातील मंडई आणि झाडीपट्टीचा विनोद

मराठी विनोदाची चर्चा बहुधा मुद्रित विनोदाची चर्चा असते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून तिचा प्रारंभ करावयाचा, राम गणेश गडकरी व चिं. वि. जोशी यांच्यापाशी थांबावयाचे, आणि आचार्य अत्रे व पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत येऊन ती संपवावयाची, हा क्रम आता रूढ झाला आहे. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत असत. तेव्हा विदर्भाला ह्या परंपरेत अग्रस्थान आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, विनोदाची एक दुसरी परंपरा नांदत आली आहे, आणि तिची दखल साहित्यसमीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती घेतली, विशेषतः साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिची लोकरंगभूमी यांच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. परंतु लोकसाहित्याचा अभ्यास वेगळा आणि वाङ्मयीन मूल्यमापन वेगळे. हा विनोद चांगला की वाईट, आणि कोणत्या निकषावर, हा प्रश्न अद्याप नीटपणे विचारलाच गेलेला नाही.

तो न विचारला जाण्याचे कारण उघड आहे. झाडीपट्टीतील विनोदी नटाचा विनोद कागदावर उतरला की निःसत्त्व होतो. संहिता वाचणारास त्यात शिळे प्रसंग, ठरीव पात्रे, नवराबायकोची भांडणे आणि मधूनमधून अश्लीलतेकडे झुकणारे द्व्यर्थी संवाद ह्यांखेरीज फारसे काही आढळत नाही. ह्यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. एक, हा विनोद हलक्या प्रतीचा आहे. दुसरा, संहिता हलकी असली तरी नटाची प्रतिभा थोर असते. पहिला निष्कर्ष अन्यायाचा आहे हे सहज पटण्यासारखे आहे. दुसरा मात्र गौरवाचा दिसत असल्यामुळे तपासला जात नाही. वस्तुतः तोही अपुराच आहे.

मंडईचे स्वरूप लक्षात घेतल्यावाचून ह्या विनोदाचे स्वरूप कळणे शक्य नाही. दिवाळी आटोपली, गोवारी समाजाचे गायगोधन झाले, भाऊबीज सरली, की भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी ह्या सातही तालुक्यांतून गावोगावच्या मंडईंना आरंभ होतो. १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, तसेच चंद्रपूर व गडचिरोलीच्या झाडीत हीच रीत आहे. हलका धान निघालेला असतो, हातात थोडा पैसा असतो. शेजारशेजारची गावे आपापल्या मंडईचा दिवस निराळा धरतात, म्हणजे एका गावच्या लोकांना दुसऱ्या गावी जाता येते. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात. उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात. दिवसा दुकाने, पाळणे, दंडार किंवा खडी गंमत, रात्री नाटक. तेव्हा मंडईचा प्रेक्षक हा तिकीट काढून अनोळखी माणसांच्या शेजारी बसणारा शहरी प्रेक्षक नव्हे. त्याच्या उजवीकडे मेहुणा आणि डावीकडे व्याही बसलेला असतो. ज्या सभेत प्रत्येकजण कोणाचा तरी पाहुणा आहे, अशा सभेपुढे विनोदी नट उभा राहतो, आणि तो स्वतःही पाहुणाच असतो.

खडी गंमत हा तमाशाचा पूर्व विदर्भातील भाऊबंद. शाहीर, त्याचे साथीदार, स्त्रीवेषातील नाच्या, डफ, ढोलकी आणि तुणतुणे, सारे उभ्याने. गण, गौळण, लावणी आणि शेवटी सोंग असा तिचा ढोबळ क्रम. कलगी आणि तुरा ह्या दोन पक्षांच्या शाहिरांचा सामना लावण्याची चाल असल्यामुळे येथे विनोदाला दुहेरी लक्ष्य मिळते : समोरचा शाहीर आणि समोरचे गाव. समोरच्या शाहिराची यथेच्छ टवाळी करता येते, कारण तो व्यवसायबंधू आहे. मैदानात एकमेकांची कुळे उद्धरणारे हे दोन शाहीर उद्या आणखी कोठल्या तरी गावी पुन्हा समोरासमोर यावयाचे असतात. ह्या स्नेहाची पार्श्वभूमी प्रेक्षकाला पुरती ठाऊक असते, आणि म्हणूनच शिवीची धार त्याला बोचत नाही, रुचते. भांडणातील हा समंजस सहकार छापील सवाल-जवाबात कोठेच उतरत नाही.

रात्रीच्या नाटकाची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्वी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. पुढे व्यावसायिक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि लाखांदूरहून जवळ असलेले गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे केंद्र झाले. गावचे मंडळ कंपनीशी ठराव करते, जमीन खणून प्रेक्षकांसाठी उतार आणि निघालेल्या मातीचा रंगमंच तयार करते, आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. हंगाम दिवाळीपासून साधारणतः होळीपर्यंतचा. शंकरपट भरला की त्या रात्री नाटक हमखास; २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा नाटकांच्या ह्या आधारालाही धक्का बसला, आणि शर्यतींस सशर्त मुभा मिळण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीबाहेरच्या पुष्कळांना ह्या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले. विनोदी भूमिकांबद्दल ते विशेष प्रसिद्ध असून त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हटले जाते. ही उपमा गौरवार्थ असली तरी समीक्षकाने ती जपून वापरावी. खुणे यांच्या नावावर सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग नोंदले गेले आहेत. दादा कोंडके यांनी वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' ह्या १९६५ सालच्या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. ह्या दोन आकड्यांतील भेद केवळ संख्येचा नाही, जातीचा आहे. कोंडके यांच्याकडे एक भूमिका दीड हजार वेळा घासली गेली. ताज्या राजकारणावरील शेरे बदलत राहिले, तरी पात्र घोटून पक्के झाले. झाडीपट्टीत एका भूमिकेच्या वाट्याला सरासरीने सहासात प्रयोग येतात. भूमिका मुरावी एवढा अवकाशच तेथे नाही. तालमी अपुऱ्या, प्रॉम्प्टर अपरिहार्य. मग मुरते ते काय? पात्र नव्हे, पात्र तर उद्या बदलणार. मुरतो तो नटाचा गावाशी असलेला संबंध. पाच हजार प्रयोग म्हणजे पाच हजार प्रवास, तितक्या पंक्ती आणि तितक्या वेळा ओळखीच्या माणसांची पुनर्भेट. नाटक नवे असते, नट जुना असतो, आणि प्रेक्षक नाटकासाठी येतो त्याहून अधिक त्या जुन्या माणसाला पुन्हा पाहण्यासाठी येतो.

ह्या दृष्टीने पाहिले असता प्रवास, मुक्काम आणि मित्रमंडळींतील वेळ ह्या गोष्टी नटाच्या चरित्रातील किरकोळ तपशील राहत नाहीत. त्या रचनेची सामग्री ठरतात. सायंकाळी गावात उतरलेला विनोदी नट चहाच्या टपरीवर, मंडळाच्या कार्यकर्त्यांत, यजमानाच्या पडवीत दोन-तीन तास काढतो. तेवढ्यात कोणाचा बैल हुकला, कोणाच्या बोडीत पाणी राहिले नाही, कोणाचा मुलगा नागपूरहून नवी भाषा घेऊन आला, हे त्याच्या कानी पडते. रात्री ह्यातील एखादा धागा संवादात सहज शिरतो, आणि मांडवात एका कोपऱ्यातून उठलेला हशा सर्वत्र पसरतो. लिखित विनोद जगातील कोणाही वाचकासाठी असतो. हा त्या एका रात्रीसाठी आणि त्या एका गावासाठी असतो. त्याची नक्कल दुसऱ्या गावी चालत नाही. संहितेत ज्या जागी काहीच नसते ती जागा येथे सर्वात भरीव असते.

भाषेचाही विचार येथे केला पाहिजे. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' यांचे उच्चार नाहीत. 'पाणी' तेथे 'पानी' होते, 'डोळा' 'डोरा' होतो आणि 'काळा' 'कारा'. नाटकातील नायक-नायिका, खलनायक, करारी बाप हे प्रमाण मराठीत बोलतात. विनोदी पात्र झाडीत बोलते. ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, येथे बोली ही हास्यास्पद ठरविली जाते, आणि स्वतःच्याच भाषेला हसावयास प्रेक्षकाला शिकविले जाते. आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः जेथे नट केवळ उच्चारावर हशा वसूल करतो तेथे. परंतु चांगल्या नटाच्या तोंडी हा संबंध उलटतो. प्रमाण भाषेत बोलणारी पात्रे पुस्तकातून आलेली वाटू लागतात आणि झाडीत बोलणारा तेवढा गावचा वाटतो. भारदस्त वाक्याचे तो आपल्या बोलीत भाषांतर करतो, आणि त्या भाषांतरात वाक्याचा पोकळपणा उघडा पडतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, बालाघाटची हद्द आजही लागूनच आहे, आणि पोवारी, गोंडी व हिंदी कानांवरून जात असतात. भाषेच्या पायऱ्या ओळखणारा असा कान असलेल्या प्रेक्षकापुढेच हा खेळ शक्य होतो.

तथापि ह्या विनोदाची मर्यादाही त्याच्या बलस्थानातूनच उत्पन्न होते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाहुण्याने यजमानाची थट्टा किती करावी? ज्याच्या घरी जेवला त्याच्या सावकारीवर, ज्या मंडळाने बिदागी दिली त्या मंडळाच्या हिशेबावर बोट ठेवणे त्याला अवघड जाते. म्हणून सून, सासू, घरजावई, शहरातून परतलेला पोरगा ही पात्रे पुनःपुन्हा चेष्टेला बळी पडतात. त्यांच्या वतीने रागावणारा कोणी नसतो. अधिक अवघड प्रश्न असा की, पाहुणा म्हणून कोणाला कोठे उतरविले जात असे? जातीची उतरंड ज्या गावात पंक्तीपर्यंत पोचली होती त्या गावात सर्वच कलावंतांचा पाहुणचार सारखा असणे शक्य नव्हते. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत १९५४ साली डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झाले. आंबेडकरी जलशाने गण-गौळणीची जुनी चौकट मोडली ती केवळ आशयासाठी नव्हे. ज्या शाहिराला रात्री टाळ्या आणि सकाळी वेशीबाहेरचा मुक्काम मिळत असे, त्याने पाहुणेपणाचा जुना करारच नाकारला. यजमानाची भीड सुटल्यावर त्याच्या विनोदाला जी धार आली ती मंडईच्या विनोदाला क्वचितच लाभली आहे. ह्या दोन विनोदांची तुलना झाडीपट्टीच्या अभ्यासातील सर्वात निकडीचे काम म्हणावे लागेल.

निकडीचे अशासाठी की, मंडईचे रूप बदलत आहे. २०२० मधील महामारीने एक हंगाम बुडविला. ती आपत्ती होती, आणि सरली. त्याहून खोलवर जाणारा बदल निराळा आहे. खडी गंमतीच्या जागी ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नाचाचे कार्यक्रम अनेक ठिकाणी येऊ लागले आहेत. त्यांतील उत्तानतेविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु उत्तानता खडी गंमतीलाही परकी नव्हती. फरक असा की, नाचाचा ताफा गाडीतून उतरतो, कार्यक्रम करतो आणि त्याच रात्री निघून जातो. त्याला गावाचे नाव माहीत असण्याची गरज पडत नाही. विनोदी नटांचेही पुष्कळसे तसेच होऊ लागले आहे. रस्ते सुधारले, वाहने आली, प्रयोग संपताच पुढच्या गावी निघणे शक्य झाले, आणि संध्याकाळचे ते दोन-तीन तास गळून गेले. भ्रमणध्वनीवर पाहिलेले विनोद सर्व गावांना सारखेच ठाऊक असतात; नट तेच रंगमंचावर म्हणतो, हशाही मिळतो.

विद्यापीठीय संशोधनात आजवर भर राहिला तो संहिता मिळविण्यावर आणि प्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण करण्यावर. ते आवश्यकच आहे. परंतु प्रयोगाचे मुद्रण रात्री सुरू होते आणि ह्या विनोदाची रचना सायंकाळीच सुरू झालेली असते. एका नटाबरोबर एक संपूर्ण हंगाम, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगाव हिंडून, तो कोठे बसला, कोणाशी बोलला, काय ऐकले आणि त्यातील काय रात्री वापरले, काय गिळले, ह्याची नोंद करणारा अभ्यास हाती घेतला गेला पाहिजे. त्यात जे गिळले गेले त्याची यादी जे बोलले गेले त्याहून लांब निघण्याचा संभव आहे.