नेमक्या क्षणाची दाद

करेन प्रायर यांच्या ‘डोन्ट शूट द डॉग!’ या पुस्तकाचं नाव ऐकूनच माणूस दचकतो. 1984 साली आलेल्या या पुस्तकाचं चौथं प्रकरण नकोशा सवयी मोडण्याबद्दल आहे. त्यात आठ उपाय आहेत आणि पहिला उपाय म्हणजे प्राण्याला गोळी घालणं. तो हमखास लागू पडतो, हेही बाई शांतपणे सांगून टाकतात. मग हाच उपाय त्या घरातल्या नि रस्त्यावरच्या कटकटींना लावून दाखवतात. खोलीभर मळके कपडे टाकणारा खोलीसोबती आहे? दुसरा शोधा. बसचा ड्रायव्हर खेकसतो? त्याला नोकरीवरून काढायला लावा.

हसू येतं आणि लगेच ओसरतं. ‘आवरत नाही’ म्हणून पिल्लू परत रस्त्यावर सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. तेही या पहिल्याच उपायात बसतं.

या प्रकरणाची बांधणी मला फार आवडते. उपाय बदलतो, पण अडचणी त्याच राहतात. रात्रभर भुंकणारा कुत्रा, टेबलावर चढणारी मांजर, गाडीत गोंगाट करणारी पोरं, परत घरी राहायला येऊ पाहणारा मोठा मुलगा. कीर्तनात बुवा आख्यान पुढे नेतात आणि फिरून मूळ पदावर येतात, तशा त्या आठही वेळा परत येतात. कुत्रा, ड्रायव्हर आणि पोटचा मुलगा एकाच रांगेत वाचता वाचता मनातली उतरंड गळून पडते. शिकणारा जीव कुठलाही असो, शिकण्याची रीत एकच, हे लेखिकेने निव्वळ मांडणीतून पटवून दिलं आहे.

हे पुस्तक माझ्या हाती आलं ते भिंगरीमुळे. लालबागच्या चिवडा गल्लीत पावसात भिजलेलं हे तांबडं गावठी पिल्लू मी परळच्या आमच्या चाळीत आणलं. परळलाच 1880च्या दशकात सुरू झालेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे, तिथे लसी टोचून घेतल्या. तीन महिन्यांची झाल्यावर ती नावाप्रमाणे फिरू लागली. दारात कोणीही दिसलं की कमरेपर्यंत उडी. मी ओरडायचे, कधी पाठीत धपाटाही घालायचे. उड्या वाढतच गेल्या.

याचं कारण मला पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सापडलं. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अवचित मिळालं, तर सवय जास्त चिवट होते, असं तिथे म्हटलं आहे. मी आमची गॅलरी डोळ्यांपुढे आणली. सोळा बिऱ्हाडं. भिंगरी उडी मारायची तेव्हा मी ओरडायचे, पण चौथ्या खोलीतल्या काकू बिस्किट द्यायच्या. “अगं, लाडाने उडी मारतंय एवढंसं पिल्लू, राहू दे की!” पलीकडचे आजोबा एखाद्या दिवशी पावाचा तुकडा टाकायचे, एखाद्या दिवशी काठी आपटायचे. नाठाळ म्हणून जिला आम्ही बोल लावत होतो, तिला उडी मारायला अख्ख्या चाळीनेच इतकं पक्कं शिकवलं होतं. पिल्लाचा काही दोष नव्हता. ते पान वाचून मी भिंगरीला जवळ घेऊन बराच वेळ बसले होते.

प्रायर यांचं शहाणपण समुद्राकाठी तयार झालं आहे. 1963पासून त्या हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, धपाटा घालता येत नाही. तो रागावला तर पोहत निघून जातो. हाती फक्त मासळीची बादली आणि शिट्टी. उडी हवेत असताना मासा देता येत नाही, म्हणून शिट्टी वाजवायची, मासा मागाहून. कुत्र्यासाठी शिट्टीच्या जागी क्लिकर आला. त्याची कल्पना बी. एफ. स्किनर यांनी 1951च्या एका लेखात मांडली होती, पण ती घराघरांत रुजायला पुढे चाळीसेक वर्षं गेली.

क्लिकर म्हणजे अंगठ्याने दाबायची छोटी डबी. तिचा ‘टक्’ हा खाऊ नव्हे आणि हुकूमही नव्हे. मैफिलीत गायक समेवर येतो त्या क्षणी आपसूक ‘वाह’ निघते. घरी पोचल्यावर दिलेली ‘वाह’ कितीही मनापासूनची असली तरी ती कुठल्या जागेला होती हे गायकाला कळत नाही. क्लिक ही अशी जागेवरची दाद आहे. उशिरा दिलेली क्लिक भलत्याच कृतीला दाद देते. भिंगरी बसली आणि माझा अंगठा क्षणभर मागे राहिला, तेवढ्यात ती उठलेली असायची. मग मी उठण्यालाच शाबासकी दिलेली असायची.

दादरला एका इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी पिल्लांचा वर्ग भरायचा. सात पिल्लं, सात पट्टे, सात क्लिकर. पहिल्या दिवशी भिंगरी पट्ट्याला ताणून इतकी भुंकली की तिचा आवाज बसला. शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला पार पाण्याच्या टाकीमागे नेलं. बाकीची पिल्लं दिसतील, पण तिला भान ठेवता येईल, इतकं लांब. तिथे तिने नुसतं माझ्याकडे वळून पाहिलं तरी टक्, आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. इतर सहांचे आवाज कानांवर पडत होतेच, पण त्यांच्यामागून तिला खाऊ येत नव्हता. तिसऱ्या रविवारी ती फक्त माझ्या आवाजाला कान टवकारू लागली. दर आठवड्याला आम्ही चार-पाच पावलं पुढे सरकत होतो. एका रविवारी खाली ढोल-ताशाचा सराव सुरू झाला आणि सगळंच विस्कटलं. मग पुन्हा टाकीमागे, पुन्हा नुसत्या पाहण्याला दाद. शिकलेलं बिघडलं तर सरळ बालवाडीत परत जा, हा प्रायर यांचा नियम मला अत्यंत प्रेमळ वाटतो. त्यात रागाला जागाच नाही.

आणि आठांपैकी पाचवा उपाय: नकोशा कृतीच्या सोबत घडूच शकणार नाही अशी दुसरी कृती शिकवणं. बसलेलं पिल्लू उडी मारू शकत नाही. ‘उडी मारू नको’ यात पिल्लाने करायचं असं काही नाही. ‘बस’ यात आहे.

एका नियमाशी मात्र माझं भांडण आहे. एक कृती एकाच माणसाने शिकवावी, असं लेखिका म्हणते. तिच्यासमोर अंगण असलेली स्वतंत्र घरं आहेत. चाळीत दार दिवसभर उघडं असतं आणि पिल्लू सगळ्यांचं असतं. मी काकूंना थांबवू शकत नव्हते, थांबवायची इच्छाही नव्हती. म्हणून मी त्यांच्या ओट्याशी बसून सगळं समजावलं. “बिस्किट द्या, पण ती बसली की मगच.”

पहिले दोन दिवस काकूंना धीर धरवेना. गेल्या मंगळवारी मी जिना चढत होते. काकू दारात उभ्या, हात पाठीमागे. भिंगरीने एक उडी मारली, दुसरी मारली. काकू गप्प. भिंगरीने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच बसली. काकूंकडे क्लिकर नव्हता. त्यांनी टाळूला जीभ लावून ‘टॉक्’ केलं, अगदी त्याच क्षणी, आणि मग बिस्किट पुढे केलं.