'अर्थलाइट'मधील धातूचा झोत

विज्ञानकथेत युद्धनौका आली की तिच्यासमवेत विद्युच्चुंबकीय तोफही येते, आणि तिच्या सामर्थ्याचे आकडे दिले की लेखकाचे कर्तव्य संपले अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः ते शस्त्र कथेच्या आशयातून उद्भवले आहे की तिला वरून चिकटविले आहे, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय. आर्थर सी. क्लार्क यांची 'अर्थलाइट' (१९५५) ही कादंबरी या कसोटीला उतरते.

येथील तोफ नौकेवर नाही. ती चंद्रावरील किल्ल्यात आहे आणि नौका तिचे लक्ष्य आहेत. कलहाचे मूळ जड धातूंत आहे. पृथ्वी ते अडवून धरते. मंगळ, शुक्र इत्यादींवरील वसाहतींच्या संघाला ते हवे आहेत. युद्ध दुरून पाहणाऱ्या दोघा खगोलशास्त्रज्ञांना आकाशात एक प्रखर रेघ दिसते. वाचकही तिला सवयीने किरणास्त्र समजतो. परंतु निर्वातात किरण बाजूने दिसत नाही. ती रेघ प्रकाशाची नसून प्रचंड विद्युच्चुंबकांनी भिरकावलेल्या वितळलेल्या धातूची आहे, हे मागाहून उलगडते. जे मागितले होते, तेच असे संहाररूपाने पोचते!

हे उपरोधाचे सूत्र क्लार्क यांच्या विचारात आधीपासून होते. १९५० साली एका शोधनिबंधात त्यांनी चंद्रावरून माल अवकाशात पाठविण्यासाठी विद्युच्चुंबकीय प्रक्षेपणच सुचविले होते. व्यापाराचे साधन पाच वर्षांनी कादंबरीत तोफ झाले.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. हेराच्या शोधाचे कथानक सैल आहे, आणि पात्रांपेक्षा यंत्रांवर लेखकाचा जीव अधिक जडला आहे. तथापि निकामी झालेल्या 'अ‍ॅकेरॉन' नौकेवरील माणसे अवकाशपोशाखाविना निर्वात ओलांडून 'पेगासस' या प्रवासी यानात जातात, तेथे यंत्राच्या जागी उघडा मानवी देह येतो आणि युद्धाला त्याचे मोल लाभते.

अमेरिकेच्या नौदलाने अशा तोफेचे काम २०२१ साली थांबविले. जपानने २०२३ साली ती समुद्रावरील नौकेवरून डागून पाहिली. भाकिताच्या या हिशेबाने कादंबरीची उंची वाढत वा घटत नाही. मराठीत 'अस्त्र' म्हणजे फेकण्याचे आयुध; पण त्या शब्दाभोवती मंत्राचे वलय आहे. 'अर्थलाइट'च्या अनुवादकाने हे वलय टाळणेच इष्ट, कारण क्लार्क यांच्या तोफेत चमत्कार नाही. माणसांनी एकमेकांना नाकारलेली धातू आहे.