चवदार तळे आणि ड्यूईंचा ‘अनुभव’

मराठीत आपल्याला अनुभव ‘येतो’. म्हणजे तो बाहेरून येणार, आपण फक्त घेणार. जॉन ड्यूई या फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञाला हे मान्य नाही. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या 1916 च्या ग्रंथात तो साधं उदाहरण देतो. मुलानं ज्योतीत बोट घातलं, एवढ्यानं अनुभव होत नाही. बोट घालणं आणि भाजणं यांचा संबंध त्याला कळला की अनुभव होतो. करणं, भोगणं आणि दोहोंची सांगड, असे हे तीन भाग.

आता याच ड्यूईंचे विद्यार्थी डॉ. आंबेडकर. 1901 च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेला लहानगा भीमराव. सोबत शिदोरी आहे, पण कोणी पाणी देईना, म्हणून मुलं उपाशीच झोपली. इथे मुलानं काय केलं होतं? काहीच नाही! भोगणं आहे, पण ज्याच्याशी त्याची सांगड घालावी अशी त्याची स्वतःची कृतीच नाही. ड्यूईंच्या मुलाला बोट घालायची मोकळीक होती. ती मोकळीकच ज्याला नाही, त्याचं काय? मला वाटतं, ड्यूईंची व्याख्या इथे अपुरी पडते.

महाडला ही उणीव भरून निघाली. मुंबई विधिमंडळानं 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये. पण सगळं कागदावर. 20 मार्च 1927 रोजी लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. त्यातून बोध असा घेतला गेला, की नुसता ठराव पुरत नाही. अडवणुकीचं मूळ धर्मशास्त्राच्या अधिकारात आहे. त्याच 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टातला झगडा पुढे 1937 पर्यंत चालला आणि जिंकला.

हे सगळं ड्यूई वाचून घडलं, असं मी म्हणत नाही. पण अनुभव घेण्यासाठी आधी कृतीचा हक्क मिळवावा लागतो, ही भर महाडनं घातली.

आपल्या चर्चासत्रांत आजही सोसणाऱ्यानं अनुभव सांगायचा आणि सिद्धांत दुसऱ्यानं मांडायचा, अशी वाटणी असते. गोपाळ गुरूंनी तिच्यावर नेमकं बोट ठेवलंय. कारण सांगड घालण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, की सोसणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा नुसतं भोगणंच उरतं.